गेटपास नसलेला टायगर

बदलापूर (पूर्व),
८ जानेवारी २००६

आदरणीय सोमाजीराव यांस शंकररावाचा सविनय जयभीम. वांगणीला आमच्यापेक्षा गारठा जास्त, तेव्हा वहिनींचे गुडघे बोलत असतील. तिळाचं तेल कोमट करून चोळावं (हा आमच्या सौ. भागीरथीचा निरोप. ती सध्या माझ्याशी बोलत नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून सांगितला).

आमच्या मैत्रेयीने आपल्या चि. विक्रांतला नकार दिला, असं आपण मध्यस्थ गोजरबाईंकडून कळवलंत आणि वर 'निदान तोंडावर तरी सांगायचं' असंही म्हणालात. रागावणं बरोबर आहे. पण सोमाजीराव, तो नकार मुलीचा नव्हता, माझा होता, आणि मला तो कंप्युटरला द्यायचा होता. हे नीट सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

मैत्रेयीच्या कोर्ससाठी आम्ही उल्हासनगरहून कंप्युटर जुळवून आणला. दुकानदार सिंधी, माणूस मोकळा. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, कोने में पीला निशान आएगा, बोलेगा अपडेट आया, नया माल डालूँ क्या. तुम सीधा नो दबाने का. एक बार नया घुसा, तो पुराना सब गया समझो." मला पटलं नव्हतं. पण शेजारच्या बनूबाईंच्या नरेंद्रने एकदा 'येस' दाबलं, आणि त्याची आख्खी सिस्टीम बदलली. प्रिंटर त्याला ओळखेना, आणि आमच्या विहाराच्या कार्यक्रमाची मराठी पत्रिका उघडली तर सगळे चौकोन. वक्त्यांचं नावसुद्धा चौकोन. शेवटी पत्रिका हाताने लिहून झेरॉक्स काढल्या.

आपल्याला ठाऊक आहे, मी अंबरनाथला कारखान्याच्या गेटवर उभा जन्म काढला. गेटपास नसेल तर मॅनेजरच्या मेव्हण्यालाही आत सोडलं नाही (त्यामुळेच बढती हुकली, असं भागीरथीचं मत). आता हा कंप्युटर आपण चहा पीत असताना फोनच्या वायरीतून गुपचूप माल उतरवून घेतो आणि मग 'आता बसवू का' विचारतो, म्हटल्यावर मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसलो. मी अंघोळीला गेलो की भागीरथीची ड्यूटी. तिने एकदा भाकरी थापता थापता येऊन 'नो' दाबलं, तेव्हापासून माउसचं बटण पिठाने चिकटतं. कधी संशय आलाच तर मी फोनची वायरच उपटायचो. आपला फोन लागत नसे, तो त्यामुळे.

पोह्यांच्या दिवशी आपणच म्हणालात, की मुलांना कंप्युटरवर बोलून घेऊ द्या आणि मग काय ते ठरवा. मी लगेच हो म्हणालो. पण ते बोलणंसुद्धा त्याच कोपऱ्यातून येतं, हे मला कोणी सांगितलं नाही. रविवारी मैत्रेयी बाजारात गेली होती आणि मी पहाऱ्यावर. कोपऱ्यात चौकट उघडली. कोणी 'टायगर विकी' आत येऊ का विचारत होता. आता सांगा, सोमाजीराव, आपण पोहे खाताना मुलाचं नाव विक्रांत सांगितलंत. टायगर म्हणाला असतात तर मी उठून दार उघडलं असतं. मी 'नो' दाबलं. तो परत आला. मी परत दाबलं. शेवटी 'पुन्हा विचारू नये' अशी एक सोय दिसली, तीही दाबली, आणि संध्याकाळी चार लोकांत त्याची फुशारकी मारली. तिकडे वहिनी मुलाच्या खांद्यावरून ते सगळं बघत होत्या, हे गोजरबाई आल्यावर कळलं.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मुलगा मला मनापासून आवडला होता. माझ्या बोटाची शिक्षा मैत्रेयीला देऊ नका, एवढीच हात जोडून विनंती.

आपला,
शंकरराव

ता. क. येत्या रविवारी सगळे जेवायला या. विक्रांत कंप्युटरच्याच लाइनीत आहे असं ऐकलं. येताना त्याने ते पिवळं निशाण कायमचं बंद करायची काही युक्ती आणली, तर फार बरं होईल. (स्थळाचा आणि याचा काही संबंध नाही.)

ता. क. २. पाकीट परत उघडलं. अक्षर चांगलं म्हणून पत्ता घालायला मैत्रेयीला दिलं, तर तिने वांगणीचा पत्ता मी सांगायच्या आत लिहिला, पिनकोडसकट. विचारल्यावर हसू लागली. पोह्यांच्या दुसऱ्या दिवसापासून दोघं बोलतायत, ती क्लास सुटल्यावर अंबरनाथच्या सायबर कॅफेतून आणि तो त्याच्या ऑफिसातून. त्या रविवारचा टायगर फक्त आपल्याला नि वहिनींना दाखवायला होता. नकार आल्यावर विक्रांत गप्प का राहिला, हे आता ध्यानात आलं असेल. लग्नातल्या साडीचा रंगसुद्धा ठरलाय.

म्हणजे मी खुर्ची टाकून बसलो होतो, आणि त्यांनी सगळं आधीच उतरवून घेतलं होतं. आता बसवू का, एवढंच विचारतायत. मी 'येस' दाबलंय. आपणही दाबा.