डाव्या हाताचं अक्षर

जवळा बाजार
३० ऑगस्ट २०२५

चि. ऐश्वर्यास,
पद्मा आत्याचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पाच ओळींचं पत्र आणि प्रत्येक ओळ घसरगुंडीवरून उतरलेली. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली मी. चार वर्षांचं लेकरू यापेक्षा बरं अक्षर काढतं. पोस्टमन देविदास म्हणाला की हे कुण्या म्हाताऱ्या माणसानं लिहिलेलं दिसून राहिलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हाताला काय झालं? फोन लावावा तर तो बंद.

तुझ्या पप्पाला काही बोलले नाही. मे महिन्यात तू शेवटचा पेपर कोरा ठेवून उठून आलीस, तेही मी पोटातच ठेवलंय. किशनला बिचाऱ्याला वाटतं की विद्यापीठानं निकाल अडकवला. आता हाताचंही लपवायचं म्हणजे जागा कुठून आणू? सोबत तेलाची बाटली पाठवते आहे. रोज सकाळी खांद्यापासून बोटांपर्यंत चोळ.

खरं काय ते उलट टपाली लिही.
तुझी काळजीत पडलेली आत्या


नांदेड, वसतिगृह
५ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
ऐश्वर्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तेल पोचलं. माझ्या खोलीतली राजनंदिनी वासानं दोन दिवस गच्चीवर बसून अभ्यास करते आहे. आत्या, माझा हात धडधाकट आहे. ते पत्र मी डाव्या हातानं लिहिलं होतं, हेही डाव्याच हातानं, थांबत थांबत. सांगायचं राहिलं, कारण पाच ओळींतच मनगट भरून आलं.

इथे मानसशास्त्राच्या शितल मॅडम अभ्यासानं पार थकलेल्या मुलामुलींसाठी आत्मसंयमाचं प्रशिक्षण घेतात. आम्ही बावीस जण आहोत. दात घासणं, दार उघडणं, कंगवा, सगळं डाव्या हातानं करायचं. आठवड्याला एक पत्र डाव्या हातानं घरी लिहायचं. फोन दिवसातून एकच तास. मॅडम म्हणतात की उजवा हात सवयीनं पुढे येतो, त्याला थांबवायचं; रोज एवढंसं थांबवता आलं की मोठ्या वेळीही मन थांबतं.

मला ती मोठी वेळच हवी आहे. मे महिन्यात मला पेपर येत नव्हता असं नाही. सगळे प्रश्न ओळखीचे होते. पण दोन वर्षं रात्रंदिवस वाचून डोकं असं रिकामं झालं होतं, की विसाव्या मिनिटाला पाय आपोआप उठले. ऑक्टोबरअखेर तोच पेपर पुन्हा आहे. तेव्हा नुसतं बसून राहता आलं तरी मी जिंकले. नाही आलं, तर एम.एस्सी. सोडून गावी येणार, हे मी ठरवलं आहे.

तुझ्या तेलाचा काही उपयोग सुचला तर कळव.
तुझी ऐशू


जवळा बाजार
११ सप्टेंबर २०२५

चि. ऐश्वर्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वाचून हायसं वाटलं आणि रागही आला. दहा दिवस मी चहा पाण्यासारखा पिऊन काढले, ते फुकट गेले.

मग म्हटलं, बावीस आहेत तर तेविसावी आपण. आणि पहिल्याच दिवशी फजिती! शेजारच्या द्वारकाबाई विरजण मागायला आल्या. मी वाटी डाव्या हातानं पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले आणि विचारलं की पद्माबाई, माझं काय चुकलं, काहून असं करून राहिलात? वाटी तशीच ठेवून निघून गेल्या. संध्याकाळी घरी जाऊन तुझ्या मॅडमचं सगळं समजावून सांगावं लागलं. आता त्याही डाव्या हातानं अंगण झाडतात. अंगण झाडलेलं काही दिसत नाही.

आता एक गोष्ट लिहिते, ती वाचून हसू नकोस. तू मला लहानपणी विचारायचीस की आत्या, तुझे दात काळे का? मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ती पूड मी तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ दाताला लावते. विहारात पंचशील म्हणताना पहिली चार शीलं मी खणखणीत म्हणते. पाचवं आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की गप्प होते. नुसते ओठ हलवते. तोंडात मिश्री धरून ते म्हणायची लाज वाटते. तीस वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता मिश्रीची डबी फक्त डाव्या हातानं उघडायची, असं ठरवलंय. झाकण घट्ट आहे. निम्म्या वेळा कंटाळून सोडून देते.

तू बस, मी सोडते. बोल, आहे कबूल?
तुझी तेविसावी विद्यार्थिनी


नांदेड
१८ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

द्वारकाबाईंची माफी माग. देणंघेणं आणि जेवण उजव्याच हातानं, हा नियम मी लिहायलाच विसरले होते.

आत्या, तुझी अट कबूल करायचं धाडस माझ्यात नाही. हे पत्र उजव्या हातानं लिहिते आहे, ते तुला दिसतंच आहे. सोमवारी मी त्या पेपरचं पुस्तक उघडलं आणि दुसऱ्याच ओळीला मिटून टाकलं. त्यानंतर चार दिवस दातही उजव्याच हातानं घासले, रात्री दोनपर्यंत फोन पाहिला. मॅडमना तोंड दाखवलं नाही. पेपरचा फॉर्म अजून भरलेला नाही, आणि आता भरणारही नाही. दसऱ्याला गावी येते ती सामान घेऊनच. पप्पांना तूच सांग, माझ्यानं होणार नाही.

रागावू नकोस एवढंच मागणं.
ऐशू


जवळा बाजार
२४ सप्टेंबर २०२५

चि. ऐश्वर्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज जरा कमी. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मीही मिश्री लावली. एकदा नाही, तीनदा. उजव्या हातानं, मागच्या दारात उभी राहून, चोरासारखी. द्वारकाबाईंनी पाहिलं. त्यांनी डाव्या हातानं झाडू उचलला आणि अंगण झाडायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी डबीच उकिरड्यावर टाकली. आज चौथा दिवस. डोकं ठणकतं, सगळ्यांवर खेकसते आहे.

मी पडले, उठले. तू चार दिवसांत सामान बांधायला निघालीस? अंगणवाडीत एकही पोर पहिल्या दिवशी बसलं नाही माझ्याकडे. रडून पळायचं, मी धरून आणायची, पुन्हा पळायचं. पंधराव्या दिवशी तेच पोर घरी जायला नको म्हणायचं. दसऱ्याला ये, पण सामान तिथेच ठेव. आणि किशनला तू स्वतः सांग. मी बाजूला बसेन, पण तोंड तुझं उघडेल.

हे पत्र डाव्या हातानं लिहिलंय. वाचता आलं नाही तर तेल डोळ्यांना लाव.
आत्या


नांदेड
३१ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
ऐश्वर्याचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू समोर होतीस, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. दसऱ्याला पप्पांना सांगताना मी जमिनीकडे बघत होते. ते उठून दुकानात गेले, तेव्हा वाटलं, संपलं. आणि ते परत आले ते माझ्या पेपरचा कोरा फॉर्म छापूनच! आत्या, आपल्या दोघींच्या डोक्यात एवढंही येऊ नये? अख्खं औंढा निकाल काढायला पप्पांच्या झेरॉक्सच्या दुकानात येतं, आणि आपण त्यांच्यापासून निकाल लपवत होतो. त्यांनी माझा निकाल जूनमध्येच पाहिला होता. म्हणाले की पोरीला तकलीफ हाये, ती सांगल तवा ऐकू. चार महिने गप्प राहिले. शितल मॅडमना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या की वर्ग घ्यायला त्यांनाच बोलवा.

काल पेपर झाला. विसाव्या मिनिटाला पाय तसेच उठायला लागले. मी पेन डाव्या हातात घेतलं आणि पहिल्या प्रश्नाचा आकडा त्या हातानं काढला. इतका वाकडा आला की मला तुझं तेल आठवलं आणि हसू फुटलं. पर्यवेक्षक वळून बघायला लागले. मग पेन उजव्या हातात घेतलं आणि ते सुरू झालं. दोन पुरवण्या लावल्या. शेवटची घंटा झाली तेव्हा मी लिहीत होते. निकाल काय लागायचा तो लागो, मी बसले होते, आत्या. पूर्ण तीन तास.

आता तुझी पाळी.
तुझी ऐशू


जवळा बाजार
६ नोव्हेंबर २०२५

चि. ऐश्वर्यास,
दोन्ही हातांनी आशीर्वाद. वि. वि.

काल कार्तिक पौर्णिमा. किशन मुद्दाम औंढ्याहून आला होता. विहारात दोघं शेजारी बसलो. मिश्री सुटून काल शेहेचाळीस दिवस झाले. वंदना घेणारा रत्नपाल पंचशील सांगत होता, आम्ही मागून म्हणत होतो. चार झाली. पाचवं आलं आणि सवयीनं माझे ओठ मिटले. मग म्हटलं, पोरगी तीन तास बसली, तुला एक ओळ होत नाही?

म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या बायका वळून पाहायला लागल्या आणि रत्नपाल क्षणभर पुढचं विसरला. तीस वर्षांचा साठलेला होता ना. बाहेर आल्यावर किशननं विचारलं की अक्का, रडून काहून राहिली? मी सांगितलं की मिश्री सुटली, म्हणून दात दुखून राहिला.

त्याला ते पटलं नाही. पण तुझा बाप आहे तो, गप्प राहिला.

लोभ आहेच; पत्रं डाव्या हातानंही अशीच लिहीत राहा.
तुझी आत्या