वाफ चालते का?

६ फेब्रुवारी, ग्रिम्सबी

सुटली! चाळीस वर्षं चिकटलेली सिगरेट सुटली बाई एकदाची!

आमच्या डॉक्टर प्रिचर्डनी दवाखान्यातूनच ई-सिगरेट दिली होती – फुकट. "सिगरेटपेक्षा वाफ कितीतरी बरी, ग्लेनिस. खुशाल ओढा." पुदिन्याची वाफ. दात घासल्यासारखं वाटतं, पण भागतं. आता मोठ्या इस्पितळात जायचं. माझी फुप्फुसं निकामी झालीत. दुसऱ्याची बसवायच्या यादीत नाव लागलं तरच जगेन.

२ मार्च

नाव लावलं नाही!

रक्तात निकोटिन निघालं. तिथल्या डॉक्टर ॲशवर्थबाई म्हणाल्या, "सोडली म्हणालात ना?" म्हटलं, "सोडलीच आहे! ही वाफ आहे. डॉक्टरांनीच दिलीय."

"सिगरेट सोडायला ठीक आहे हो. पण आमच्या यादीला वाफही चालत नाही. सहा महिने रक्त स्वच्छ हवं. आणि ऑपरेशन झेपेल एवढी ताकदही."

एक डॉक्टर हातात देतो, दुसरी त्याचीच शिक्षा देते! गाडीत नवरा म्हणतो, "अगं, शिव्या देऊ नकोस, दम लागतोय." शिव्यांनी नाही लागत रे दम, क्लिफ!

३ मार्च

प्रिचर्डना फोन केला. म्हणाले, "मी फक्त सिगरेटचा विचार केला. यादीचं डोक्यातच आलं नाही." भला माणूस आहे. धड रागावताही येईना.

क्लिफनं ती वाफेची नळी बंदरावर नेऊन टाकली. घरात असती तर मी शोधून काढलीच असती.

१९ एप्रिल

जीव नकोसा झालाय. क्लिफच्या अंगावर चहा फेकला. कपासकट.

११ जुलै

वाफेला हात लावलेला नाही. पण जिना चढवत नाही आता. पलंग खाली आणलाय. क्लिफ आवडीचा मासा आणि चिप्स घेऊन आला – दोन घास गेले, पुढे चावायलाही दम पुरेना. उरलेलं त्यानं ओट्याशी उभ्यानंच खाल्लं.

"सप्टेंबर आलाच की गं," म्हणतो. मी मान हलवते. मला नाही वाटत काही होईल. खरंच नाही वाटत.

५ सप्टेंबर

रक्त स्वच्छ निघालं. ॲशवर्थबाईंनी मला तपासलं, मग खुर्ची जवळ घेऊन माझा हात धरला. "वाफ घ्यावीशी वाटली तर घ्या हो. आता काही हरकत नाही."

क्लिफनं त्यांचे आभार मानले. त्याला वाटलं, चांगली बातमी आहे.