सातवी चकती

३ मार्च
लागले बाई एकदाची नोकरीला! माशांच्या रोगांची प्रयोगशाळा, खिडकीजवळचं टेबल आणि अर्धी खोली व्यापणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. काम सोपं: माशाच्या आतड्यातून पट्टकृमी काढायचा, सुकवायचा, धातूच्या चकतीवर चिकटवून सोन्याचा मुलामा द्यायचा. मग त्याच्या कातडीचा फोटो. सर म्हणाले, याला तोंडच नसतं. अंगभरच्या सूक्ष्म केसांतून अन्न शोषतो. म्हटलं, बरंय, भांडी घासायला नकोत. सर हसले नाहीत. महिन्याभरात एक चांगला फोटो दिला तर कायम करणार. नाहीतर ताईचं घर सोडून परत दादाच्या दुकानात पिशव्या भरायच्या.

९ मार्च
सहा चकत्या, सहाही वाया. केस सगळे आडवे, तुडवलेल्या गवतासारखे. सर म्हणतात, माझा हात जड आहे. हातमोजे पहिल्याच दिवशी संपले. तीनदा अर्ज दिला. भांडारवाला म्हणतो, येतील. येतील कपाळ! उघड्या हातांनी आतडी चिरतेय. तळहातांना खाज सुटलीय.

१६ मार्च
जीव मेटाकुटीला आलाय. चूक यंत्राची की माझी, हे बघायला सातव्या चकतीवर माझ्याच तळहाताचं सुटलेलं सालपट चिकटवलं. वहीत नोंद करायची राहिली. ताई म्हणते, दोघांचं जेवतेस आणि वाळत चाललीयेस. खरंय. कितीही जेवा, भूक तशीच.

२१ मार्च
आज सर स्वतः यंत्रावर बसले. माझ्यावर भरवसा नाही ना! एकदम ओरडले, शाब्बास! दाट, टोकदार, एकेक केस उभा. वीस वर्षांत असा पट्टकृमी पाहिला नाही म्हणे. तिथल्या तिथे मला कायम केलं.
फोटोखाली आकडा होता सात.

२४ मार्च
शेवटी सांगितलं. सर उखडले. माणसाच्या कातडीवर असे केस नसतात, एवढं तरी शिका म्हणाले. अहो, तेच तर सांगतेय! ऐकेल कोण?

२६ मार्च
दुधाचं पातेलं उचलताना बोटं बुडाली. दूध खाली— खाली— थेंबही सांडला नाही. आणि भूक गेली. पहिल्यांदाच.

२८ मार्च
तोंडाने काही जात नाही. ताई सकाळपासून माझा डावा हात धरून बसलीय. सोड म्हटलं. मायाच वेडी तिची.

दुपार
ताईला डुलकी लागलीय. हात सुटत नाही— ओढला— चिकटलाय. हाका मारल्या, उठत नाही. गाल केवढे आत गेले तिचे— आणि मला, देवा, मला पोट भरल्यासा—