अहो, मागचा हात ढिला

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. (खरा घालायला जागा नाही. शेडभर शिडं वाळत पसरलीत आणि मी त्यांच्या मधल्या पट्टीत उकिडवी बसून लिहितेय. पण घातला असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? मामी म्हणाली, गुडघा सुधारला पण माणूस बिघडला, दिवसभर गॅलरीत उभा राहून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघतो आणि वारा कुठून सुटलाय ते सांगतो. दादाला सांग, बापाला इथून नेऊन समुद्र दिसत नाही असं घर घेतलंय तर निदान जेवताना तरी तुझ्याशी वाऱ्याबद्दल दोन शब्द बोलत जा. मी बरी आहे. मोठी मावशी पण बरी आहे, म्हणजे ओरडते.

फोनवर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही हे तुला माहितीच आहे. शाळा सुटली ती पण त्याच्यापायीच. उभं राहून धडा वाच म्हटलं की माझा आवाज चपलेत जाऊन बसायचा. म्हणून पत्र.

तर तू सांगितलंस की जुनी शिडं विकून टाका, माझं पण टाका. हे ऐकल्याबरोबर मावशीच्या अंगात वारं शिरलं. मला म्हणाली, "गिऱ्हाइकाला फळीवर उभं राहून कुठलं शीड कशाला धरायचं ते तू समजावून सांग. बोलायची लाज वाटत असेल तर मानेने सांग." आता मामा, कापड ताणून धरणाऱ्या तीन काड्यांच्या शिडात आणि पाच काड्यांच्या शिडात काय फरक, हे मानेने कसं सांगायचं? मी प्रयत्न केला. मान आखडली.

शेवटी तुझीच पद्धत काढली. तुझ्या कधी मापं लक्षात राहिली नाहीत, म्हणून तू शिडांना नातेवाइकांची नावं दिलीस आणि मला तशीच शिकवलीस. तीन काड्यांचं ते धाकटी मावशी. हलकं, हाताला मऊ, चटकन तापतं आणि चटकन निवतं. स्वच्छ लाटेवर झपाझप वळायचं असेल तर तिच्यासारखी मजा नाही, पण वारा झटके द्यायला लागला की ती थयथयाट करते. पाच काड्यांचं ते मोठी मावशी. हाताला जड, एकदा ताणलं की हू की चू नाही, वाऱ्याने कितीही आदळआपट करू दे. उड्या मारणाऱ्यांनी आणि सरळ सुसाट जाणाऱ्यांनी हिलाच धरावं. फक्त लाटेवर वळताना तिचा जोर उतरायला वेळ लागतो. मधलं चार काड्यांचं काका, सगळ्यांशी जमवून घेणारं, कुणाच्याच फार आठवणीत न राहणारं. (काकाला हे सांगू नकोस.) आणि तुझं स्वतःचं नारिंगी, तळाशी पोट भरलेलं, आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या वाऱ्यात फेसातून बाहेर काढणारं. त्याला तू नाव दिलंच नाहीस. मामीनेच एकदा वैतागून तुला हाक मारली, "अहो, घरी येणार आहात का?" आणि तू नाही, ते शीड उडून तिच्या पायाशी आलं. तेव्हापासून ते अहो.

पहिलं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. अंगाने भरलेले, बोलायला लोण्यासारखे. त्यांचा डोळा धाकट्या मावशीवर, कारण ती दिसायला छान. बाहेर वारा झटके देत होता. मला ओरडून सांगायचं होतं की ही तुम्हाला झेपायची नाही, पण मी नुसती मान हलवली आणि त्यांना वाटलं, हो म्हणतेय. पुढे काय सांगू. ते पडले, उठले, पडले, आणि शेवटी मासे पकडत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या दोऱ्यांमध्ये अडकून वर आले. एका आजोबांनी तर आनंदाने ओढायलाच घेतलं होतं. पँटला गळ अडकवून डॉक्टर शेडमध्ये आले आणि मला इतकं वाईट वाटलं की तोंडातून निघूनच गेलं, "तुम्हाला मोठी मावशी हवी." डॉक्टरांनी गल्ल्यावर बसलेल्या मावशीकडे बघितलं. मावशीने पदर सावरला. मग मी धडाधड सगळं समजावलं, आणि ते ते शीड घेऊन आनंदात गेले. मावशी दोन दिवस फुगून होती, म्हणे माझ्या नावाचं गेलं आणि तू जरा "नका नेऊ" पण म्हणाली नाहीस.

खरा घोळ पुढे झाला. डॉक्टरांचे मेहुणे आले. ते गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, त्यामुळे माणूस शांत, घाई नाही. आले आणि सरळ अहोसमोर उभे राहिले. मामा, माणूस अगदी त्या शिडाच्या मापाचा. वजन बरोबर, स्वभाव बरोबर. आणि मग मी, जी दूधवाल्याशी पण दाराआडून बोलते, ती त्या शिडाविरुद्ध बोलत सुटले. जड आहे, पाणी पितं, ठिगळं आहेत, डावीकडे हट्टाने ओढतं, रंग उतरलाय, वास येतो. मावशीचा चहा बशीतच राहिला. मेहुणे ऐकून घेऊन म्हणाले, "एवढं वाईट आहे? दाखवा बघू चालवून."

तुला ठाऊक आहे, किनाऱ्यावर चिटपाखरू नसेल तरच मी पाण्यात जाते. त्या दिवशी डॉक्टर, मेहुणे, मावशी, म्हातारे, सगळे रांगेत. मी ठरवलं, मुद्दाम घाण चालवायचं. पण अहो ऐकेल तर ना! फेसातून मला उचलून बाहेर काढलं, मागून चांगली उंच लाट आली, आणि हातांनी मला न विचारता वळवलं. खाली, मग वर, मग परत खाली. मेहुणे वाळूत पाय दाबून ब्रेक मारत होते म्हणे. आणि तिथे लाटेच्या डोक्यावर माझे कान तुझा आवाज शोधायला लागले.

आठवतं का तुला? तू कधीच मला ओरडला नाहीस. लोक माझ्याकडे बघतील म्हणून तू शिडाला ओरडायचास. "अहो, मागचा हात ढिला! अहो, गुडघे वाकवा! अहो, तोंड का असं केलंय?" सगळ्या किनाऱ्याला वाटायचं, हा माणूस कापडाशी बोलतो, वेडा आहे. लोक तुला हसत उभे राहायचे आणि मी मागून गुपचूप शिकत होते. मला तेव्हा इतकी लाज वाटायची तुझी. आणि परवा वर लाटेवर होते, सगळं बरोबर झालं, आणि किनाऱ्यावरून टाळ्यांशिवाय काही नाही. मी वळून बघितलं, तू नव्हतास, आणि धप्पकन पडले.

मेहुणे म्हणाले शीड उत्तम आहे, रविवारी येतो. मावशी हो म्हणाली. आता नाही म्हणणारा तूच उरलास, आणि फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणणार, म्हणून स्वतः ये आणि तोंडावर नाही म्हण.

मामीला नमस्कार, दादाला थोडासाच.

तुझी भाची

ता. क. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. पाण्यात उतरायचं नाहीये. वाळूत खुर्ची ठेवलीय, ती रुतते म्हणून खाली जुनी फळी घातलीय.

ता. क. मेहुण्यांचं खरं सांगते. ते काल परत आले आणि म्हणाले, हे शीड राहू दे, मला काका चालतील. म्हणजे अहो कुठे जात नाहीये. तरीपण ये.

ता. क. शेवटचा. ओरडायला येशील तेव्हा शिडाला नको ओरडूस. माझं नाव घेऊन ओरड. मोठ्याने. बघू देत लोकांना.