पहिल्या माणसाची जागा

प्रिय अप्पा,

सप्रेम जय भीम.

तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले. या दोन वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं, आणि वाईट कळवून तुमच्या जिवाला तिथेही घोर लावायचा, हे मला बरं वाटेना. आज मात्र राहवत नाही. आज आपल्याला जागेचं हक्कपत्र मिळालं!

मायच्या नावावर आहे. सरकारी शिक्का आहे. मी ते सात वेळा वाचलं. मायचं नाव बरोबर, तुमचं नाव बरोबर, प्लॉटचा नंबर बरोबर, चारी दिशांना कोण हेही बरोबर. आठव्यांदा वाचायला घेतलं तशी माय म्हणाली, "आता ठिव की रे. अक्षरं काय पळून जायलीत का?"

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. दाराला कडी घातली का हे बघायला मी गल्लीच्या टोकावरून परत फिरतो. गेले चार महिने मला धड जेवण गेलं नाही. आज दुपारी तीन भाकरी खाल्ल्या, अप्पा. माय बघतच राहिली.

पण सगळं सांगण्याआधी तुमच्याशी एक जुनं भांडण आहे. ते आधी उरकतो.

पंधरा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आपण आळंदकडचं गाव सोडून गुलबर्ग्याला आलो तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तुम्हाला डाळमिलमध्ये हमालीचं काम मिळालं. मुकादम म्हणाला, "मिलच्या मागं माळ पडलाय. पायजे तिथं खोपट घाल." पाहिजे तिथं! त्या सगळ्या माळावर तेव्हा एक घर नव्हतं. पश्चिमेला डांबरी रस्ता, तिथून जमीन उतरत उतरत पूर्वेला नाल्यापर्यंत गेलेली. रस्त्याला लागून उंच, कोरडी, सपाट जागा. तुम्ही डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन ती जागा ओलांडली. मधला माळ ओलांडला. चालत चालत पार खाली नाल्याच्या काठाला गेलात आणि तिथं पेटी ठेवलीत.

माय तेव्हाही म्हणाली होती, "एवढा माळ मोकळा पडलाय, आन हितं कामून?"

तुम्ही म्हणालात, "हितं बरं हाय. कुणाची कटकट न्हाई."

कुणाची कटकट होणार होती, अप्पा? तिथं होतं कोण?

गावात आपली वस्ती पूर्वेला, उताराला होती, हे मला फार उशिरा ध्यानात आलं. तेव्हापासून मी तुम्हाला किती वेळा छेडलं असेल! दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी चुलीपर्यंत यायचं, आपण पेटी विटांवर चढवायचो आणि मी विचारायचो, "अप्पा, सगळ्यांच्या आधी येऊन तुम्ही हीच जागा का धरली?" तुम्ही काठाला दगड रचत राहायचात. एकदाच उत्तर दिलंत. "पाय गेले तिकडं," म्हणालात. मला राग आला होता. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. त्याची माफी मागतो.

आपल्यानंतर महिन्याभरानं बिरप्पामामा आले. हळ्ळीखेडकडचे धनगर, दुष्काळात मेंढरं विकून आलेले. त्यांनी रस्त्याकडेला घर घातलं. मग माणसं येतच गेली. तांड्यावरचे लमाणी आले, जहीराबादकडून तेलुगू बोलणारे दगडफोडे आले, हुमनाबादचे शिंपी आले, आळंद आणि बसवकल्याणकडून आपल्यासारखे मराठी बोलणारे आले. तुम्ही असताना वस्ती मोजता यायची. आता येत नाही. पिठाची गिरणी झाली, सायकलचं दुकान झालं, कॅसेटचं दुकान झालं, बस थांबायला लागली. कंडक्टर 'डाळमिल' म्हणून ओरडतो, तेच आपल्या वस्तीचं नाव. शाबादी फरशीची घरं उठलीत. हापशावर पाण्याला जी रांग लागते, तीत भांडण कानडीत सुरू होतं आणि तेलुगूत संपतं.

हापशावरून आठवलं. हापसा नवीन बसला तेव्हा माय घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणीतरी आधी भरून बाजूला होईल, मग आपण जाऊ, अशी. हुमनाबादच्या शिंप्यांतली एक बाई, जैनबी तिचं नाव, तिच्यावर ओरडली होती, "कायकू दूर खडे जी? आओ, तुमे मारो हापसा, मेरे हातां दुखरे!" माय घरी येऊन हसत हसत सांगत होती. तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून माय रांगेत उभी राहायला लागली, पण आपलं घर मात्र जिथल्या तिथं राहिलं.

आता चार महिन्यांपूर्वीचं सांगतो. सगळी वस्ती नव्यानं आखायची असा हुकूम निघाला. रस्ते सरळ करायचे, नाल्याकाठची घरं काढायची, जुन्या लोकांना नकाशाप्रमाणे प्लॉट द्यायचे. जो आधी आला त्यानं आधी निवडायचं. पण दहा वर्षांपूर्वी आल्याचा पुरावा पाहिजे. ज्याच्याकडे पुरावा नाही त्याला प्लॉट नाही, आणि नाल्याकाठी असेल तर घरही नाही.

मी पेटी उपसली. तुम्ही सांगितलं तसं मी कागदाचा कपटासुद्धा फेकलेला नाही. माझा सातवीचा दाखला निघाला, तुमच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या निघाल्या, सगळं दहा वर्षांच्या आतलं. इथलं रेशनकार्ड निघालं तेही फक्त सहा वर्षांपूर्वीचं! कारण तोवर तुम्ही गावचं कार्ड रद्दच करू दिलं नव्हतं. "गावातून नाव कापलं तर आपण गावचे कोण?" असं म्हणायचात. दर दोन-तीन महिन्यांनी गावी जाऊन साखर आणायचात. अप्पा, ज्या गावानं तुम्हाला काठावर ठेवलं त्याच्या कार्डावर नाव राहावं म्हणून इथं आपण नऊ वर्षं कुठंच नव्हतो! हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. पण मला तेव्हा फार वाटलं, म्हणून लिहिलं.

मिलमध्येही विचारलं. मी तिथंच पोत्यांवर मार्का घालतो, म्हणून आत जाऊ दिलं. जुने हजेरीपट वाळवीनं खाल्ले होते. मग मी तीन पानी अर्ज लिहिला. आधी कच्चा, मग पक्का. मराठीत लिहिला, कानडीत करून घेतला. कोण कधी आलं, कुणाचं घर कुठं होतं, सगळं क्रमानं घातलं.

कोण कधी आलं याच्या पंचनाम्याच्या दिवशी मिलच्या फाटकासमोर टेबल मांडलं होतं. सगळी वस्ती जमली होती. वस्ती आखायला आलेले सरकारी साहेब कानडीत विचारत होते, मी इथं आपल्या बोलीत लिहितो. बिरप्पामामांकडे सर्वांत जुनं कार्ड, म्हणून यादीत त्यांचा पहिला नंबर लागला होता. माझा अर्ज साहेबांनी वाचला. वर बघून म्हणाले, "हे पहिले आले? मग नाल्यात कशाला बसले? रस्त्याची जागा मोकळी असताना कुणी शहाणा माणूस खाली जाऊन बसेल का? मी वस्त्या बघतो रोज. नाल्याकाठी बसतो तो शेवटी आलेला असतो."

अप्पा, तीन पानांत मी सगळं लिहिलं होतं, एवढंच लिहिलं नव्हतं. उत्तर मला ठाऊक होतं. पण ते सगळ्यांसमोर बोलायला तोंड उघडेना. माय खाली बघत होती. आपल्याकडचे सगळेच खाली बघत होते.

तेवढ्यात बिरप्पामामा पुढं आले. पटका काढला, डोकं खाजवलं.

"साहेब, खरं सांगू का? मी आलो तवा रस्त्यावर उभा ऱ्हाऊन बघितलो. खाली एकच खोपट होतं, धूर निघायलता. जाऊन इचारलो, कुठले, कोण? ह्याच्या बापानं सांगितलं. मी मनात म्हणलो, बरं झालं, खालची जागा यांनीच धरली. आन वर येऊन बसलो. माज्या गावात मी वर, ते खाली. हितं बी तसंच. पाटील न्हाई, देऊळ न्हाई, कुणी लावून दिलं न्हाई. आमीच लावलो. माज्या मागनं आले ते बी बघून बघून तसंच बसले."

साहेबांनी यादी पुढं ओढली. मग म्हणाले, "असं लिहिलं तर तुझा पहिला नंबर जाईल. तू दुसरा होशील."

"व्हय. दुसराच हाव मी. अंगठा कुठं करू?"

मागून त्यांच्या बायकोचा, मल्लव्वाचा आवाज आला, "घरात इचारायचं काय हाय की न्हाई ह्या माणसाला!" सगळे हसले. साहेबही हसले.

नंतर मामा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "हे तुझ्या बापाला बोलायला पायजे होतं रे मी. रोज भेटायचो. बोलणं काय व्हायचं, तर पाऊस कधी पडायलाय." मी त्यांना पाणी आणून दिलं. तुम्ही असता तर तुम्ही काय म्हणाला असता, अप्पा? मला वाटतं, तुम्हीही पावसाचंच बोलला असता.

आठ दिवसांनी नकाशा मांडला. पहिलं नाव पुकारलं ते तुमचं. मी आणि माय टेबलाजवळ गेलो. सगळे चौकोन कोरे होते, एकावरही नाव नव्हतं. साहेब म्हणाले, "कुठला पाहिजे, बोट ठेव."

मी बोट ठेवलं.

माय अक्षर वाचत नाही, पण तिला तो नकाशा लगेच कळला. ती हळूच म्हणाली, "बोट उचल, मिलिंद."

मी बघितलं. माझं बोट पूर्वेच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकोनावर होतं! मी ज्यासाठी तुमच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो, तेच माझ्या बोटानं केलं होतं, आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. त्या क्षणी माझं तुमच्याशी असलेलं भांडण संपलं. पेटी डोक्यावर घेऊन माळ ओलांडताना तुम्हाला काय वाटलं असेल, ते मला पहिल्यांदा समजलं. काहीच वाटलं नसेल. पाय गेले असतील.

माय साहेबांना म्हणाली, "मधला द्या. चौकातला. नळ जवळ पडंल असा." आणि चौकातल्या चौकोनावर तिनं स्वतःचं बोट दाबून धरलं, साहेबांनी नंबर लिहीपर्यंत उचललं नाही.

दुसरं नाव बिरप्पामामांचं. ते म्हणाले, "ह्याच्या शेजारचा द्या साहेब. लांब गेला तर माजे अर्ज कोण लिहील?"

तर अप्पा, आता आपलं घर चौकात आहे. पायाचे दगड येऊन पडलेत. पुढच्या पावसाळ्यात पेटी विटांवर चढवायची नाही. तुम्हाला हे डोळ्यांनी बघता आलं नाही याची हुरहूर आहे. पण आज ती बाजूला ठेवतो. आज मला फक्त हलकं वाटतंय.

वस्ती वाढणं थांबलेलं नाही. रस्त्यापलीकडे नवा माळ मोकळा झालाय, आणि तिथं बसनं रोज कुणी ना कुणी उतरतं. परवा औरादकडचा एक माणूस बायकोला आणि गाठोड्याला घेऊन उतरला. मी अर्ज लिहितो हे कुणीतरी सांगितलेलं, म्हणून मला विचारायला आला, "आमी कुठं बसावं, भाऊ?" विचारता विचारता तो माळाच्या पार खालच्या टोकाकडं बघत होता. मी कामाला उशीर होऊ दिला आणि त्याच्याबरोबर चाललो. रस्त्यापासून सुरुवात करून आम्ही सगळा माळ एकदा फिरलो. मग म्हणालो, "आता सांगा, तुम्हाला कुठं बसायचंय?" त्यानं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "वर."

तुम्हाला वचन देतो, अप्पा. मी इथं आहे तोवर जो कुणी नवा येईल त्याला सगळा माळ फिरवून दाखवीन. त्याआधी त्याला डोक्यावरचं ओझं खाली ठेवू देणार नाही.

तुमचा,
मिलिंद