माझ्या हातच्या फिल्टरांचं काय करावं

मी, वेर्ना लू केटरिंग, कै. हार्लन केटरिंग यांची विधवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार लूसर्न व्हॅली, सॅन बर्नार्डिनो काउंटी, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. राग आहे; पण रागाला दबाव म्हणत नाहीत, हे मी वकीलबाईंना विचारून घेतलं आहे. हृदय कुरकुर करतं, डोकं शाबूत आहे. यापूर्वी मी काही लिहून ठेवलेलं सापडलं तर ते रद्द समजावं.

कलम पहिले. माझं राहतं घर, भोवतीची जमीन आणि गॅरेज माझी एकुलती एक कन्या डार्ला हिला मिळावं. गॅरेजातल्या माझ्या कामाच्या बाकाचं काय करायचं ते पुढे लिहिते. घराच्या छपराला उन्हाळ्याआधी पांढरा रंग देत जावा, नाहीतर जुलैत पाव भाजायला भट्टी पेटवावी लागणार नाही. दारासमोरचा वाळवंटी जोशुआ वृक्ष कोणीही तोडू नये. तो वाकडा आहे म्हणून जावई त्याच्यावर डोळा ठेवून आहे. जावईही काही फार सरळ नाही, पण त्याला कोणी तोडायला निघालेलं नाही.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक निम्मी डार्लाला आणि निम्मी आमच्या वाळवंट मोटरसायकल क्लबच्या रुग्णवाहिकेला. हार्लनला ओळखणाऱ्यांना कारण माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. हार्लन कोरड्या तळ्यावरून भरधाव जात असताना त्याच्या बाईकचं इंजिन जागच्या जागी जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि तो पुढे फेकला गेला. खुब्याचा चुरा झाला. क्लबच्या रुग्णवाहिकेनं त्याला जिवंत दवाखान्यात पोचवलं. पुन्हा तो बाईकवर बसला नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांनी उडवलेली धूळ बघत राहिला आणि त्याच खुर्चीत वारला. इंजिन उघडलं तेव्हा आत पिठासारखी वाळू होती. हवेचा फिल्टर काढून बघितला तर स्पंज कोरडा ठणठणीत; धूळ अडते ती त्यातल्या तेलाला चिकटून, आणि तेलच नव्हतं. तो माझ्या हातचा नव्हता. आदल्या दिवशी कोणा मित्राच्या तंबूत घाईघाईनं तेल लावून घेतलेला होता. तेव्हापासून तेलाला माझा हात सैल आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

कलम तिसरे. पुतण्या टायरेल याला पाचोळा उडवायचं यंत्र द्यावं. त्याला माझी सगळी हत्यारं हवी होती. पण त्यानं आपल्या बाईकला सुती जाळीचा फिल्टर बसवला आहे, का, तर म्हणे जोर जास्त मिळतो. डांबरी रस्त्यावर मिळत असेल. आमच्याकडची धूळ मैद्याहून बारीक, ती त्या जाळीतून दार उघडं असल्यासारखी आत जाते. मी त्याला हजारदा सांगितलं, दोन थरांचा स्पंज घे, बाहेरचा जाड, आतला बारीक, आणि शिवण नीट चिकटवलेली आहे ना ते उजेडात धरून बघ. तो म्हणाला, "काकू, तुझं ज्ञान जुनं झालं." जुन्या ज्ञानाची हत्यारं नव्या माणसाला कशाला? त्यानं पाचोळा उडवावा.

कलम चौथे. हत्यारं, धुण्याचा पिवळा टब, वाळवायची दोरी आणि तेलाच्या बाटल्या मी ज्याला देईन त्यानं माझ्या पद्धतीनंच वापराव्यात. फिल्टर पेट्रोलमध्ये कधीही धुऊ नये; शिवणीचा डिंक सुटतो आणि ते वरून दिसत नाही. साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा. दाबावा, पिळू नये. सावलीत वाळवावा. मग पिशवीत घालून वर तेल ओतावं आणि कणीक मळतात तसा मळावा, सगळीकडे एकसारखा निळा होईपर्यंत. शेवटी काठाला ग्रीस, म्हणजे कडेनं धूळ शिरत नाही. तेल ओतताना हात आखडू नये. कंजूष माणसानं दुसरा छंद शोधावा.

कलम पाचवे. आता चेलो.

पूर्ण नाव कॉन्सुएलो बारागान. आमच्या क्लबच्या वस्तीत हिला "फिल्टरवाली चेलो" म्हणतात. मी तिच्या आधीपासून फिल्टर धुते आहे, पण मला कोणी फिल्टरवाली वेर्ना म्हटलेलं माझ्या कानावर नाही. शर्यतीच्या तळावरच्या तिच्या तंबूत जिंकलेल्या स्वारांचे फोटो टांगलेले असतात, मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. त्यातल्या एकात माझी डार्ला आहे.

आमच्याकडे शर्यतीच्या सकाळी स्वाराला "कसा आहेस" असं विचारत नाहीत, "फिल्टर कोणाच्या हातचा" असं विचारतात. इंजिनाचा जीव त्या स्पंजात असतो आणि स्वाराचा इंजिनात, त्यामुळे आपला फिल्टर कोणाला सोपवायचा ही साधी गोष्ट नाही. लोक आयुष्यभर एकाच माणसाकडे जातात. नवरा बदलतील, फिल्टर लावणारा बदलणार नाहीत.

प्रत्येक शर्यतीच्या आधी मी डार्लाचा फिल्टर तयार करून, पिशवीत बंद करून तिच्या हातात देते. "थँक्यू आई" म्हणून ती गालाचा पापा घेते आणि पिशवी घेऊन जाते. आणि शर्यतीच्या सकाळी मी काय बघते? माझी लेक हातात पिशवी घेऊन चेलोच्या तंबूतून बाहेर पडते. एकदा नव्हे, दरवेळी. कोणी विचारलं, "डार्ला, कोणाच्या हातचा?" तर म्हणते, "घरचा." चेलोच्या तंबूतून बाहेर पडताना म्हणते, घरचा! मी दिलेला ती कुठे टाकते देव जाणे. बाईकच्या फिल्टरची पेटी उघडून मी कधी बघितलं नाही. पोरीच्या बाईकमध्ये चोरून डोकवायला मी अजून एवढी खाली आलेली नाही.

हे एकवेळ मी गिळलं असतं. पण ती चेलोच्या मक्याच्या पिठाच्या तमाली खाऊन बोटं चाटते आणि माझ्या खिम्याच्या मीटलोफवर बाटलीभर सॉस ओतते. तिच्या वाढदिवसाला चेलोनं हातमोजे दिले, ते ती घालते. मी दिलेले धुवायला टाकले आहेत म्हणते. मागच्या वसंतात पायरीवर बसून दोघी हसत होत्या, मी गेले तर गप्प झाल्या. मला जळकी म्हणा, कुढी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी हिला जन्म दिला, बापाच्या अपघातानंतर एकटीनं वाढवलं, बाईकवर बसवलंसुद्धा मीच, आणि तिचा जीव सांभाळायचा मान त्या बाईकडे गेला. माझा जळफळाट होतो, आणि तो मी सोबत नेणार आहे.

सबब, कॉन्सुएलो बारागान हिला माझ्या मालमत्तेतून सुईसुद्धा मिळू नये. पुढे कोणी दयेपोटी तिला टब देऊन टाकेल म्हणून मी पक्का बंदोबस्त केला आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून या मृत्युपत्राची पहिली साक्षीदार मी चेलोलाच नेमते. हत्यारं, टब, दोरी, तेलाच्या बाटल्या आणि बाक डार्लाला, या अटीवर की तिनं ते त्या तंबूत पाऊलभरही नेऊ नयेत.

(इथून पुढचा मजकूर सह्यांच्या दिवशी, साक्षीदारांसमोर, माझ्याच हातानं लिहिला आहे. कलम पाचमधला एकही शब्द मी खोडलेला नाही. तो खरा होता, निदान लिहिताना.)

शेजारी फेरिस ओकरलंड आणि चेलो दोघं माझ्या स्वयंपाकघरात सही करायला आले. फेरिसनं चेलोला सांगितलं, "साक्षीदारानं सही होताना बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो." चेलो म्हणाली, "माझं नाव दिसतंय त्यात. मी वाचणार." चष्मा पुसून ती वाचायला बसली. जावयाच्या ओळीला खो खो हसली. पाचव्या कलमाला आली आणि हसू गेलं. तिनं कागद खाली ठेवला.

"वेर्ना, तुला खरंच वाटतं मी तुझ्या लेकीला माझा फिल्टर देते?"

"नाहीतर काय पिशवीतून तमाली देतेस?"

"तुझाच असतो गं बाई! तुझं तेल निळं, माझं लाल. एवढी वर्षं जळत बसलीस, त्यापेक्षा एकदा पेटीचं झाकण उघडलं असतंस तर?"

"मग तुझ्या तंबूत येते कशाला ती?"

फेरिसला उगाचच खिडकीबाहेर काहीतरी दिसायला लागलं.

"तेल दाबून काढायला येते," चेलो म्हणाली. "तुझा फिल्टर म्हणजे सिरपात बुडालेला पॅनकेक. त्यातून हवा जाणार कुठून? चढाला बाईक खोकते, मरायला टेकते. मी तो कागदी रुमालात धरून दाबते, जास्तीचं काढते आणि परत देते. बाकी सगळं तुझं, काठाचं ग्रीससुद्धा. काठ तुझ्यासारखा मलाही जमत नाही."

"मला सांगायला तिच्या तोंडाला काय झालं होतं?"

"म्हणाली, आई तेल ओतते तेव्हा तिला बाबा दिसतात. कमी ओत म्हणायची माझी छाती होत नाही. चेलोमावशी, तूच काहीतरी कर आणि तिला कळू देऊ नकोस."

मग ती म्हणाली, "तुला सही हवी तर करते. टब नको मला, माझ्याकडे दोन आहेत."

मी तिला थांबवलं. फेरिसला घरी पिटाळून त्याच्या बायकोला, ओपलला, चेलोच्या जागी साक्षीला बोलावून आणायला सांगितलं, आणि तेवढ्या वेळात हे लिहिते आहे. डार्ला आजवर जेवढ्या शर्यती धावली तेवढ्या माझ्या फिल्टरवर धावली. मला आनंद झाला, इतका की चेलोसमोर तोंड धुवायला उठावं लागलं. पण माझा जळफळाट गेला असं कोणी समजू नये. फिल्टर माझा निघाला, गुपित मात्र तिला सांगितलं गेलं. पोरगी माझ्याबद्दलची गोष्ट माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलली, आणि चेलोनं ती पोटात ठेवली. ती "मावशी" आहे हे तर मला आजच कळलं. हे सगळं मला अजून टोचतं, आणि बहुतेक टोचतच राहील.

कलम पाचमधील सुईसुद्धा न देण्याची सूचना, साक्षीदाराची नेमणूक व तंबूबाबतची अट रद्द.

कलम सहावे. मी जाईन तेव्हा गॅरेजच्या कपाटात माझ्या हातचे जेवढे फिल्टर तयार असतील, ते सगळे कॉन्सुएलो बारागान हिला द्यावेत. तिनं त्यातलं जास्तीचं तेल दाबून काढावं आणि ते एकेक करून डार्लाला शर्यतीच्या सकाळी द्यावेत. किती दाबायचं हे तिनं ठरवावं. अगदी कोरडे करू नयेत, एवढी विनंती आहे.

हे वाचून दाखवलं जाईल तेव्हाच डार्लाला समजेल की मला समजलं होतं. तोवर दोघींपैकी, तिघांपैकी, कोणीही तिला काही बोलू नये. ती पापा घेते तो मला तसाच हवा आहे. आणि जिवंत असेपर्यंत तेल मी कमी घालणार नाही. ते काढायला माणूस आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी सही करते.

वेर्ना लू केटरिंग

साक्षीदार:
१. फेरिस ओकरलंड, शेजारी
२. ओपल ओकरलंड, शेजारी

कॉन्सुएलो बारागान: हजर होती, साक्षीदार नाही.

स्थळ: लूसर्न व्हॅली, कॅलिफोर्निया
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८