सवतीची थरथर

३ फेब्रुवारी, रविवार

तांबडा ठिपका दाबायचा आणि बोलायचं. नातीने एवढंच शिकवलंय. मी बोलते ते हा फोन लिहून ठेवतो म्हणे. उलटंसुलटं लिहिलं तरी मला काय कळणार? अक्षरओळख लग्नाआधी झाली नाही, नंतरही नाही. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी फुकटचा कारकून मिळाला. फोन मुलाचा जुना. त्याला नवा घ्यायचा होता, म्हणून आईची माया आली.

कोण वाचणार गं, असं विचारलं. नात म्हणाली, कोणी नाही आजी, तुझं तुझ्यापाशी. उत्तम. मला वाचता येत नाही आणि दुसरं कोणी वाचणार नाही. यापेक्षा पक्कं कुलूप कुठलं!

आज भोवरा आला होता. भोवरा म्हणजे मुलगा. लहानपणी एका जागी ठरायचा नाही, म्हणून ह्यांनी ठेवलेलं नाव. आता पन्नाशीला टेकला, पोट सुटलंय, तरी ठरत नाही. चार तास गाडी हाकत आला. माझ्यासाठी नाही, सवतीसाठी.

सवत म्हणजे ह्यांचं विमान. माझ्याहून चार वर्षांनी मोठं. जेमतेम दोन माणसं बसतील एवढं, पंख कापडाचे, पुढचा पंखा लाकडी. घरामागे शेड आहे, शेडमागे मोकळं रान, तीच ह्यांची धावपट्टी. हे सकाळी उठून आधी तिच्याकडे जायचे, मग चहाला माझ्याकडे. भोवऱ्यालाही उडवायला ह्यांनीच शिकवलं. हे गेले त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून ती शेडमध्ये, मी स्वयंपाकघरात. भांडण नाही, बोलणंही नाही.

भोवऱ्याने ठरवलंय की तिला त्याच्या शहरातल्या फ्लाइंग क्लबात न्यायचं. उडवतच न्यायचं. जायच्या आधी नटवायला म्हणून पंखा पॉलिशला दिला होता. तो परत आला, आज यानेच चढवला. इंजिन चालू केलं, तर सगळं विमान हिव भरल्यासारखं थरथरायला लागलं. शेडचे पत्रेसुद्धा वाजले.

बंद केलं. तोंड एवढंसं झालं त्याचं. पुढच्या रविवारी मिस्त्रीला घेऊन येतो म्हणाला.

पुढच्या रविवारी! चौदा महिन्यांत चारदा आलाय हा. लागोपाठ दोन रविवार कधीच नाही.


४ फेब्रुवारी

आज कोणी नाही.


१० फेब्रुवारी, रविवार

मिस्त्री आला. काडीसारखा माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं मोजून. चहा मात्र मोजत नाही. विमानांचंच काम करतो, पण नव्या विमानांचं. ह्या वयाच्या बाईला पहिल्यांदाच हात लावतोय म्हणाला. मी म्हटलं, कुठल्या बाईला, ते नीट सांगा. कानापर्यंत लाल झाला.

आधी पंख्याचे बोल्ट तपासले, सहाच्या सहा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, बोल्ट ढिले पडतात. पाना फिरवला, टक् वाजेपर्यंत आवळले. थरथर तशीच. मग पात्याच्या टोकाशी खोका ठेवला, पेन्सिलीने रेघ मारली, पंखा हाताने फिरवून दुसरं टोक तिथे आणलं. दोन्ही टोकं एकाच रेघेवरून जातात की नाही ते बघायचं असतं. फरक निघाला तो कागदाच्या जाडीचा. म्हणजे पंखा वाकडा नाही. पंख्यामागच्या लोखंडी थाळीवर एकचा आकडा कोरलाय, पंख्याच्या पाठीवरही तोच. एकासमोर एक, बरोबर बसलाय, असं म्हणाला. मग वळला इंजिनाकडे. प्लग काढले, पुसले, लावले. आजार म्हशीला, औषध पखालीला.

ह्यांची तपासायची तऱ्हा वेगळी होती. मला मागच्या सीटवर बसवायचे, मांडीवर पाण्याची वाटी. इंजिन चालू. पाणी नुसतं शहारलं तर ठीक. उडालं तर बंद. सासूबाई म्हणायच्या, सुनेला वाटी घेऊन बसवतो, भीक मागायला नेतोय का कुठे?

दुपारी तीन ताटं वाढली. चौथं काढलं होतं. परत ठेवलं.

जाताना भोवरा म्हणाला, पुढच्या रविवारी येतो.


१२ फेब्रुवारी

कोणी वाचणार नाही ना? मग सांगते.

मला माहीत आहे काय झालंय ते. पहिल्या दिवसापासून.

आज शेडमध्ये जाऊन खात्री केली. पंख्यामागे इंजिनाच्या दांड्यावर लोखंडी थाळी असते, पंखा तिच्यावर बसतो. थाळीच्या कडेला तांबडा ठिपका आहे. माझ्या दाराला लावून उरलेल्या रंगातला. तसाच दुसरा पंख्याच्या पाठीवर होता. तो आता नाही. पॉलिशवाल्याने जुनं सगळं घासून काढलं, त्यात तोही गेला.

अठरा वर्षांपूर्वी हीच थरथर लागली होती. इंजिन उघडून परत बसवलं होतं तेव्हा. हे आणि मी दिवसभर झगडलो. पंखा मीच धरायची, बोल्ट हे लावायचे. शेवटी ह्यांनी काय केलं, तर पंखा काढला आणि अर्धा फेरा फिरवून उलट लावला. एकासमोर एक नाही, एकाच्या बरोब्बर विरुद्ध. थरथर पळाली. मला समजावलं ते असं — थाळी एका अंगाला जरा जड, पंखा एका अंगाला जरा जड. दोन जाड्या बायका होडीत एकाच बाजूला बसल्या तर होडी डुलणारच. एकीला पलीकडे बसव. मी विचारलं, त्यातली मी कुठली? दोन दिवस हसत होते.

मला आकडा वाचता येत नाही म्हणून दोन ठिपके दिले. ठिपक्याला ठिपका लाव, बाकी माझ्यावर सोड. विमानाच्या वहीत हे लिहायचं असतं. उद्या लिहितो म्हणाले. अठरा वर्षं तो उद्या उगवला नाही.

म्हणून भोवऱ्याने आकड्यासमोर आकडा लावला. मिस्त्रीच्या नव्या विमानांत पंखा एकाच तऱ्हेने बसतो, त्याला दुसरं सुचेल कसं. त्यांची काही चूक नाही. वाचता येणाऱ्या माणसाने आकडाच वाचायचा.

आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय. दुरुस्त झालं की सवत जाणार. सवत गेली की हा कशाला येतोय इकडे? फार नाही मागत. दोन-तीन रविवार. दोन-तीन रविवार थरथरू दे तिला.


१७ फेब्रुवारी, रविवार

इंजिनाखालचे रबर बदलले. कार्ब्युरेटर काढून धुतला. काही फरक नाही.

जेवून भोवरा बाहेरच्या खोलीत आडवा झाला. तोंड उघडं टाकून झोपला, लहानपणी झोपायचा तसा. मी समोर बसून शेंगा सोलल्या. पाव किलोच होत्या, पण पुरवून पुरवून सोलल्या.

उठल्यावर बोलत बसला. सूनबाईचे गुडघे दुखतात. नात घरात असते पण दाराआड. हा संध्याकाळी एकटाच टीव्हीपुढे असतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. फोनवर नेहमी 'सगळं मजेत' असतं. मीही तेच सांगते म्हणा. मजेत.

मग एकदम विचारलं, "असं थरथरलं की बाबा काय करायचे गं?"

"शिव्या द्यायचे."

खूप हसला. मिस्त्रीही हसला. चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, मिस्त्री माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघतोय.


२० फेब्रुवारी

दिवसभरात एकच शब्द बोलले. मांजराला. 'हड.'

तेही गेलं.


२४ फेब्रुवारी, रविवार



मिस्त्रीला धुराच्या नळीच्या पट्टीवर तडा सापडला. केसाएवढा. बोटाने लागेना, नख फिरवल्यावर लागला. थरथरीनेच खाल्लीय म्हणाला. आज पट्टी, उद्या आणखी काय.

भोवरा कंटाळलाय. क्लबात जागा मिळालीय, ती फार दिवस धरून ठेवणार नाहीत. म्हणाला, पट्टी सांधून आणतो आणि पुढच्या रविवारी नेतो. दीड तासाचं तर उड्डाण आहे, थरथरलं तर थरथरलं. मिस्त्री म्हणाला, मी सही करणार नाही. हा म्हणाला, नका करू, बाबांनी मला सहीवर नाही शिकवलं. मिस्त्रीने पेन्सिल कानावर ठेवली आणि हत्यारं गोळा करायला लागला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण काय सांगू? तीन आठवडे लपवलं असं सांगू? आणि सांगितलं की हा रविवार शेवटचा, हेही डोक्यात होतंच. खोटं कशाला बोलू, हे तर कोणी वाचतही नाही.

हा चहा न घेता गेला.


२७ फेब्रुवारी

पट्टीवरचा तो तडा डोळ्यांपुढून हलत नाही. मी रविवार मागितले होते. त्याबदल्यात मुलगा द्यायचा असं नव्हतं ठरलं.


३ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी सातलाच आला, सांधलेली पट्टी घेऊन. मिस्त्रीही आला, सही करणार नाही हे परत एकदा सांगायला. भला माणूस. नाही तर एवढ्या लांब नकार द्यायला कोण येतो.

मी शेडच्या दारातच उभी राहिले. म्हटलं, "पंखा काढ. अर्धा फेरा फिरवून लाव."

मिस्त्री म्हणाला, "आजी, एकासमोर एक असतो."

"मला एक वाचता येत नाही. मला ठिपका वाचता येतो."

थाळीवरचा ठिपका दाखवला. दुसरा कुठे होता तेही. अठरा वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं, होडीतल्या बायकांसकट. मिस्त्रीने थाळीवरच्या ठिपक्यावरून नख फिरवलं. मग पटापट सहाही बोल्ट काढले. पंखा मी धरला. भोवरा नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. लाकूड जड लागलं, मागे एवढं नव्हतं. भोवरा समोरासमोरचे बोल्ट आवळत होता, एक इकडचा, एक तिकडचा, ह्यांच्यासारखाच जीभ बाहेर काढून.

वाटी घेऊन मागे बसले. इंजिन चालू झालं. पाणी शहारलं आणि तेवढंच. एक थेंब पदरावर आला नाही.

मिस्त्री म्हणाला, "आजी, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"वय झालं. आठवलं नाही."

आठवलं नाही! मला! लग्नात कोण कोण कशावरून रुसलं होतं ते क्रमाने सांगेन. भोवऱ्याने नुसतं बघितलं आणि हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

मिस्त्रीने वहीत लिहिलं, सही केली. पंख्याच्या पाठीवर तांबडा ठिपका दिला. तो मात्र माझ्या हाताने द्यायला लावला.


१० मार्च, रविवार

गेली.

भोवऱ्याने वरून एक चक्कर मारली, पंख हलवले. आवाज इतका गुळगुळीत होता की लगेच ऐकू यायचा थांबला. थरथरली असती तर आणखी थोडा वेळ ऐकू आली असती.

शेडमध्ये तेलाचा पत्रा तेवढा उरलाय, तिच्या नाकाखाली ठेवायचो तो. त्यात चार थेंब. सवतीसाठी रडणारी बाई जगात कोणी पाहिली नसेल. मीही रडले नाही. भांडी घासली. मग तीच परत घासली.


१७ मार्च, रविवार

कोणी नाही. फोन आला होता. सगळं मजेत.


२४ मार्च, रविवार

कोणी नाही. शेडचं दार उघडंच ठेवते. सवय.


३१ मार्च, रविवार

अकराच्या सुमाराला आवाज आला. मी पदराला हात पुसत बाहेर येते तो सवत रानात उतरलेली. भोवरा खाली उतरला, तोंड पाडून. नाटक त्याला शाळेतही जमायचं नाही.

"थरथरतंय गं आई. दोन-तीन रविवार तरी लागतील."

मी वाटी भरून आणली, मागे बसले, चालू कर म्हटलं. पाणी शहारलं, मागच्या वेळेइतकंच. पंख्यामागे बघितलं. ठिपक्यासमोर ठिपका.

दोन-तीन रविवार. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. फक्त इथे बोलले होते. आणि हा फोन त्याचा जुना, इथलं अजून त्याच्याकडेही जात असणार.

"हो रे," म्हटलं. "फारच थरथरतंय."

तिला शेडमध्ये ढकलली, जेवला, संध्याकाळच्या बसने गेला.

वाचतोयस ना, भोवऱ्या? मग हेही वाच. पुढच्या रविवारी सूनबाईला आणि नातीलाही घेऊन ये. ताटं चार आहेत.